ढेकळाची परीक्षा : जमिनीच्या आरोग्यावरील एक पाठ

खेड्यातील मुलाला माती म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. काळ्या रानातून शाळेत येणाऱ्या मुलाच्या चपला पावसाळ्यात चिखलाने जड झालेल्या असतात. कोणत्या शेतात हरभरा चांगला येतो आणि कोणत्या वावरात पाणी साचून राहते, हे त्याला ठाऊक असते. परंतु या परिचयामुळेच हा विषय वर्गात पुष्कळदा घाईने उरकला जातो. काळी, तांबडी, रेताड असे प्रकार फळ्यावर लिहावेत, मुलांनी ते वहीत उतरवावेत आणि पाठ संपावा, असे घडते. माती उपाशी राहू शकते, झिजू शकते, आणि नीट पोसली तर पुन्हा सुधारूही शकते, ही गोष्ट त्या यादीत कोठेच येत नाही. इयत्ता चौथी व पाचवीच्या मुलांना ती डोळ्यांनी दिसावी, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

हा पाठ निकडीचा का, हे दोन आकड्यांवरून कळेल. कृषिगणनेप्रमाणे १९७०-७१ साली महाराष्ट्रातील एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर राहिली. म्हणजे आज वर्गात बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला आजोबांच्या मानाने फारच लहान तुकडा मिळावयाचा आहे. त्या तुकड्याचा कसही आजोबांच्या वेळेपेक्षा कमी झालेला असेल, तर त्याच्या वाट्याला काय उरेल, याचा विचार शिक्षकाने पाठ घेण्यापूर्वी स्वतःशी करावा. वर्गात हे आकडे भीती घालण्यासाठी वापरू नयेत. गणिताच्या तासाला वापरावयास हरकत नाही.

ढेकूळ पाण्यात

पाठाचा प्रारंभ व्याख्यानाने न करता एका प्रयोगाने करावा. एकाच जातीच्या मातीची, सुपारीएवढी दोन ढेकळे आणावीत. एक नेहमी नांगरल्या जाणाऱ्या शेतातील असावे. दुसरे त्याच शेताच्या बांधावरील, जेथे वर्षानुवर्षे नांगर शिरलेला नाही आणि गवताची मुळे वाढत आहेत अशा जागेचे असावे. दोन्ही ढेकळे चार-पाच दिवस सावलीत सारखी वाळवावीत. नंतर पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या ग्लासांच्या तोंडावर चहाच्या गाळण्या ठेवाव्यात आणि ढेकळे पाण्यात बुडतील अशा रीतीने त्यांत अलगद सोडावीत. पुढे काहीही न सांगता मुलांना पाहू द्यावे.

वर्गात साधारणतः असे संभाषण घडते :

“बाई, बांधावरचं ढेकूळ अजून तसंच आहे !”

“आणि शेतातलं ?”

“त्याचा तर चहा झाला !”

“मग आता सांगा, आभाळातून जोराचा पाऊस आला तर यातली कोणती माती ओढ्यात जाईल ?”

या प्रश्नाचे उत्तर मुले आपण होऊन देतात. शिक्षकाला ते सांगावे लागत नाही. शेतातील ढेकूळ पाण्यात पडताच त्यातील पोकळ्यांत पाणी शिरते, कोंडलेली हवा जोराने बाहेर पडते आणि कण सुटे होतात. बांधावरील ढेकळातही हवा असते. परंतु तेथे गवताची मुळे, बुरशीचे सूक्ष्म तंतू आणि कुजलेल्या पदार्थांपासून झालेला चिकट अंश यांनी मातीचे कण एकमेकांना धरून ठेवलेले असतात. माती घट्ट असणे वेगळे व माती बांधलेली असणे वेगळे, हा भेद येथे स्पष्ट करावा. उन्हाळ्यात दगडासारखे टणक वाटणारे काळ्या जमिनीचे ढेकूळ पाण्यात क्षणात विरघळते, आणि हाताने सहज फुटणारे बांधावरचे ढेकूळ टिकते, याचे मुलांना नेहमी आश्चर्य वाटते.

प्रयोगाचा निकाल प्रत्येक वेळी पुस्तकाप्रमाणे येईलच असे नाही. काळी माती ओली झाली की फुगते, त्यामुळे बांधावरचे ढेकूळही कधी कधी फुटते. जमीन चोपण असेल, तर पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते, कारण सोडियमच्या आधिक्यामुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून दूर राहतात व तळाशी बसत नाहीत. उसाच्या पट्ट्यात, जेथे पाण्याचा निचरा नाही तेथे, शिक्षकांना असे ढेकूळ हटकून मिळेल. असा अनपेक्षित निकाल लपवू नये. तो का आला, याचा शोध हाच त्या दिवसाचा पाठ समजावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. ढेकूळ कोणाच्या शेतातील आहे, हे वर्गात जाहीर करू नये. ज्या मुलाच्या शेताचे ढेकूळ विरघळले, त्याला शेजारचा मुलगा मधल्या सुट्टीत चिडविल्यावाचून राहणार नाही, आणि तो मुलगा पुन्हा कधी माती घेऊन शाळेत येणार नाही.

मातीत काय काय असते

चांगल्या मातीच्या आकारमानाचा सुमारे निम्मा भाग खडकाच्या झिजेपासून झालेल्या कणांचा असतो. उरलेला जवळजवळ निम्मा भाग म्हणजे पोकळी असून तीत हवा व पाणी असते. कुजलेला सेंद्रिय भाग अगदी थोडा असतो. पण ढेकूळ टिकविण्याचे, पाणी धरण्याचे आणि पिकाला हळूहळू अन्न पुरविण्याचे काम मुख्यत्वे त्याच्यामुळे होते. मातीतील असंख्य जिवाणू, बुरश्या, वाळवी, गांडुळे हे सर्व त्याच्यावर जगतात. चार्ल्स डार्विन या प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञाने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. एवढ्या मोठ्या माणसाने गांडुळासारख्या जीवाकडे वर्षानुवर्षे लक्ष दिले, हे ऐकून मुले श्रावणात परसबागेत खोदताना अधिक सावध होतात. एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल खड्ड्यातील गांडुळे मोजून ती पुन्हा त्याच मातीत सोडावीत.

आपल्या हवामानात हा सेंद्रिय भाग फार लवकर संपतो. थंड देशात जे कुजण्यास वर्षे लागतात, ते येथील उष्णतेत काही महिन्यांत कुजून हवेत निघून जाते. नांगरटीमुळे मातीत हवा अधिक शिरते व ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून येथील जमिनीला एकदाच भरपूर खत घालून भागत नाही. चुलीत जसे रोज सरपण लागते, तसे तिला दरवर्षी काही ना काही द्यावे लागते.

इंदूरचा खड्डा

जमिनीला हे द्यावयाचे कोठून, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार होळकरांच्या इंदूर संस्थानात झाला. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधन केंद्रात नेमले गेले. भारतीय शेतकऱ्याला शिकवावयास आलेल्या या गृहस्थांनी पुढे मोकळेपणाने नमूद केले, की आपण शेतकऱ्याकडून व पिकांवरील किडींकडूनच शिकलो. १९२४ साली इंदूर येथे नवी संस्था स्थापन झाली व तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. संस्थेची जमीन माळव्यातील काळी, म्हणजे आपल्याकडील कापसाच्या जमिनीसारखीच होती. पत्नी गॅब्रिएल या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ असून त्यांच्या सर्व कामात सहभागी होत्या. १९३० साली त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९३१ साली, हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती रीत पुढे अनेक देशांत गेली. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. वाड यांचे नाव क्वचितच निघते. मराठी शाळेत तरी ते फळ्यावर लिहिले जावे.

या पद्धतीत महागडे असे काहीच नव्हते. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद व दोन-तीन फूट खोल खड्डे करीत. त्यांत पिकांचे अवशेष, तण, पालापाचोळा, शेण, लाकडाची राख आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती यांचे थर देत. गोमूत्रातील नत्र वाया जाऊ नये म्हणून गोठ्याची जमीन मातीचीच ठेवीत आणि ती माती वेळोवेळी खणून खड्ड्यात घालीत. कापसाच्या पऱ्हाट्या सहजी कुजत नाहीत. तेव्हा त्या आधी शेतरस्त्यावर पसरून ठेवीत व गाड्यांच्या चाकांखाली त्या ठेचल्या जात. खड्डा तीन वेळा उलथापालथ केल्यावर सुमारे ९० दिवसांत खत तयार होई. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरण्याची ही युक्ती विदर्भ-मराठवाड्यातील मुलांना विशेष आवडते, कारण त्यांच्या घरी पऱ्हाट्या एकतर चुलीत जातात, नाहीतर बांधावर पेटविल्या जातात.

पाचटाचा हिशेब

पेटविण्याचा विषय निघाला, की पाठ नाजूक होतो. एखादे मूल म्हणते, “आमच्या आबांनी परवाच पाचट पेटवलं.” अशा वेळी शिक्षकाने आबांना दोष देऊ नये. पाचट पेटविणारा शेतकरी अडाणी असतो म्हणून पेटवितो, असे नव्हे. खोडव्याला पाणी द्यावयाचे असते, सऱ्या अडलेल्या असतात, उंदीर व साप यांचे भय असते आणि पाचट गोळा करण्यास मजूर मिळत नाहीत. शेण्या थापणाऱ्या आईलाही शेणखताचे मोल ठाऊक असते; परंतु सायंकाळची भाकरी कशावर भाजावी, हा प्रश्न तिच्यापुढे आधी असतो. मुलाने घरी जाऊन वडील माणसांना उपदेश करावा, असा प्रयत्न शिक्षकाने करू नये. हिशेब मात्र जरूर करून घ्यावा.

एक हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. त्यात नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते. ८ टन पाचट धरले तर नत्र किती ? ४० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे एक काडी ओढली की जवळजवळ दोन गोण्यांचे नत्र धुरावाटे निघून जाते. राखेत पालाश बहुतांशी राहते, नत्र राहत नाही. या हिशेबात एक अट मुलांना सांगावीच. पाचटातील नत्र युरियाप्रमाणे लगेच पिकाला मिळत नाही. उलट, पाचट कुजविणारे जिवाणू प्रथम जमिनीतीलच नत्र उसने घेतात व नंतर सावकाश परत करतात. म्हणूनच पाचट सरीत ठेवून कुजविणारा शेतकरी त्यावर थोडा युरिया व सुपर फॉस्फेट टाकतो.

पाचवीच्या हुशार मुलांना पुढचे उदाहरण द्यावे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्का वाढवावयाचा झाल्यास २,००० किलो कर्ब जमिनीत टिकून राहिला पाहिजे. ८ टन पाचटात सुमारे ३ टन कर्ब असतो, तेव्हा एका वर्षात काम झाले, असे मुले म्हणतील. पण जिवाणूही श्वास घेतात; त्या ३ टनांतील फार मोठा भाग ते हवेत सोडून देतात व अल्प भागच जमिनीत उरतो. म्हणून या कामाला बरीच वर्षे लागतात. एका हंगामात जमीन सुधारून देण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींकडे पाहण्याची दृष्टी या एका गणिताने मुलांना येते.

अतिरेक टाळावा

या पाठाच्या ओघात रासायनिक खते म्हणजे विष, असे वाक्य सहज तोंडून निघते. शिक्षकाने ते टाळावे. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण प्रसारित झाले. पुढे संकरित बियाणे, खते व पाणी यांच्या जोरावर देशातील धान्याची टंचाई हटली. शाळेत मुले जो भात खातात, त्यालाही बहुधा युरिया मिळालेला असतो. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भाताचे उत्पादन खाली आले, चहाच्या मळ्यांनाही झळ लागली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली. खतांची सवय लागलेल्या जमिनीला एका दिवसात उपास घडविला, तर उपाशी माणसेही राहतात. दोष खतांत आहे त्यापेक्षा अधिक तो केवळ खतांवर विसंबण्यात आहे. युरिया पिकाला नत्र देतो. गांडुळाला व बुरशीला खावयास तो काहीच देत नाही.

जमिनीला पोसण्याच्या ज्या रीती आपल्याकडे चालत आलेल्या आहेत, त्यांची नावे मुलांकडूनच काढून घ्यावीत. कापसात तुरीच्या ओळी का घालतात ? ज्वारीनंतर हरभरा का ? द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी उपटून दाखवाव्यात. ताजी गाठ नखाने फोडली असता आतून गुलाबी दिसली, तर ती नत्र साठविण्याचे काम करीत आहे असे समजावे. ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येताच जमिनीत गाडणे, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला शेतात टाकणे, या गोष्टी पुष्कळ मुलांनी पाहिलेल्या असतात. त्यामागील कारण त्यांना सांगितलेले नसते, एवढेच.

कोकणातील शिक्षकांपुढे विषय थोडा वेगळा येतो. तेथे भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची जुनी चाल आहे. तिने तणाचे बी मरते व राखेतून पालाश मिळते, पण पालापाचोळा व शेण जळून जाते. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रचारात आणलेल्या सगुणा भात तंत्रात राब, चिखलणी व लावणी या तिन्ही गोष्टी वगळलेल्या आहेत. कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकतात आणि कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच कुजू देतात. या तंत्रात तणनाशकाचा उपयोग केला जातो, त्याविषयी मतभेद आहेत. वरच्या वर्गातील मुलांना ते दोन्ही बाजूंनी सांगण्यास हरकत नाही. चिखलणी न केलेल्या खाचरातील व नेहमीच्या खाचरातील ढेकूळ मिळाल्यास ढेकळाचा प्रयोग तेथे पुन्हा करावा.

शाळेचा खड्डा व पुरलेले कापड

शालेय पोषण आहाराच्या भाजीची देठे व साली, आवारातील पालापाचोळा आणि परसबागेतील तण एवढ्यावर सहा फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल खड्डा सहज भरतो. तो हातपंपापासून व विहिरीपासून दूर, पावसाचे पाणी आत न शिरेल अशा उंच जागी घ्यावा व भोवती काट्यांचे कुंपण करावे, कारण पहिलीतील मुले कोठे जातील याचा भरवसा नसतो. थर देताना शेणकाला शिंपडावा. हाताने मूठभर मिश्रण दाबले असता पाणी ठिबकू नये, पण हात ओला व्हावा, इतकीच ओल ठेवावी. तेलकट अन्न, हाडे व प्लास्टिक कधीही घालू नये. उलथापालथ मोठ्या माणसाने करावी आणि तीही आधी लांब काठीने ढवळून पाहून; विंचू व साप यांना अशी ऊबदार जागा फार प्रिय असते.

खड्डा भरल्यावर मधोमध एक लोखंडी सळई खुपसून ठेवावी. चार-पाच दिवसांनी ती काढून मुलांच्या हातात द्यावी. ती कोमट लागते. विस्तव नाही, ऊन नाही, मग ही ऊब कोठून आली, या प्रश्नावर एक संपूर्ण तास खर्च झाला तरी तो वाया गेला असे समजू नये. मातीतील जीव दिसत नाहीत. त्यांच्या श्वासाची ऊब मात्र हाताला लागते.

गावातील एखाद्या शेतकऱ्याकडून त्याची मृद आरोग्य पत्रिका मागून आणावी व नाव झाकून वर्गात वाचावी. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेत बारा गोष्टींची नोंद असते : नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मुलांनी प्रथम शेवटचा आकडा शोधावा. तो अर्धा टक्क्याहून कमी असल्यास सर्वसाधारणपणे कमी समजला जातो. अनेक घरी ही पत्रिका सातबाऱ्याबरोबर ट्रंकेत ठेवलेली असते आणि ती कोणी वाचलेली नसते. पाचवीतील मुलगी ती आजोबांना वाचून दाखवू शकेल, आणि तो उपदेश ठरणार नाही.

शेवटचा प्रयोग जूनअखेर, पहिला चांगला पाऊस झाल्यावर सुरू करावा. जुन्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे वीतभर लांबी-रुंदीचे सारखे तुकडे कापावेत. गणवेशाचे कापड घेऊ नये. त्यात बहुधा पॉलिएस्टर असते व ते कुजत नाही. एक तुकडा बांधाजवळ, एक शेतात, एक परसबागेत व एक शाळेच्या तुडविल्या गेलेल्या मैदानाच्या कडेला, असे चार ठिकाणी चार बोटे खोल पुरून जागेवर खुंटी ठोकावी आणि दिनांक वहीत लिहावा. दोन महिन्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस, सर्व तुकडे हलक्या हाताने काढून धुवावेत व वाळवावेत. जेथील माती जिवंत, तेथील कापडाची जाळी झालेली असते. कोठे कोठे केवळ शिवणीचा दोरा हाती येतो. मैदानातील तुकडा बहुधा जवळपास अखंड निघतो. हे तुकडे जाड कागदावर चिकटवून त्याखाली जागा, मातीचा प्रकार, पीक व वर्ष लिहावे आणि तो कागद शाळेच्या कपाटात ठेवावा. पुढील वर्षीच्या वर्गाने त्याच खुंट्यांपाशी नवे तुकडे पुरावेत व दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून पाहावेत.